मिथुन गारमेंट्सची फाईल

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ७.

नवीन वही. जुन्या वहीत मिथुनच्या वेळचं सगळं आहे, ती उघडत न्हाई. ही वही फक्त कामाची. रडगाणं लिहायचं न्हाई, हा नियम क्रमांक एक.

विषय: सून दीपमाला हिच्या घरगुती शिवणकामास नगरपंचायतीचा रीतसर परवाना मिळणेबाबत.

दीपमाला समोरच्या खोलीत ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. माझा पोरगा मिथुन मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्याला सव्वा वर्ष झालं. चार महिने तिचं मशीन चादरीखाली होतं, मंग एक दिवस तिनंच चादर काढली. आता पार बसस्टँडापलीकडच्या बाया येतात. चांगलंच आहे. पण कागद न्हाई. मी आधी ग्रामपंचायत, मंग नगरपंचायत अशी एकतीस वर्षं आवक-जावक पाह्यली. माझ्या शिक्क्याशिवाय एक चिठ्ठी आत आली न्हाई की बाहेर गेली न्हाई. आणि माझ्याच घरात बिनकागदाचा धंदा चालून राह्यलाय!

खरं कारण, हे फक्त इथं लिहितो. काल बदनापूरहून तिचा भाऊ राजानंद आल्ता. जेवता जेवता म्हणला, ताईनं आकांक्षाला घेऊन आमच्याकडं यावं, व्हरांडा मोठा हाय, स्टेशन जवळ हाय, गिऱ्हाईक तुटून पडंल. दीपमाला ताटाकडं पाहत बसली. तिचं न बोलणं म्हणजे नकार, हे मी बराबर ओळखलं. तरी खबरदारी पाहिजे. परवाना पत्त्यावर निघतो. एकदा ह्या पत्त्याचा निघाला की धंदा ह्या घराला बांधला गेला. धंदा इथं तर सून इथं, सून इथं तर नात इथं.

अंदाजे कालावधी: पंधरा दिवस. ओळख आहे.

४ फेब्रुवारी. दुपारी २.

कार्यालयात जाऊन आलो. माझ्या टेबलाच्या जागी पाण्याचं मशीन ठेवलंय. शिपायानं विचारलं, काय काम हाय बाबा? मी म्हणलं, आवक-जावकचे साहेबराव. तो म्हणला, आवक त्या खिडकीत. नवीन आहे, माफ केलं.

परवानगीच्या टेबलावर शीतल मॅडम म्हणून पोरगी आहे, पंचविशीची. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणली, काका, घरची बाई घरात स्वतः शिवते, पगारी माणूस नाही, मोठी मोटार नाही, तर निवासी भागात त्याला आमची परवानगी लागत नाही. खुशाल शिवू द्या.

मी म्हणलं, मॅडम, लागत न्हाई असं लेखी द्या. ती म्हणली, काका, जे लागत नाही ते लेखी कसं देऊ? एकतीस वर्षांत ह्या कार्यालयातून काहीच लागत न्हाई असं ऐकून परत गेलेला माणूस मी पाह्यला न्हाई. एक तर तिला नियम माहीत न्हाई, न्हाईतर टाळून राह्यली. फॉर्म मागितला. ती म्हणली, हा उद्योगाचा फॉर्म आहे, तुमच्या कामाचा नाही. मी म्हणलं, द्या तर खरं.

७ फेब्रुवारी. 

फॉर्म भरला. सहा पानं, तीन तास. गोजरबाई (माझी मंडळी) दोनदा चहाला हाक मारून गेली, उठलो न्हाई.

माझा जुना शिरस्ता, रकाना कोरा सोडायचा न्हाई. लोकांचे कोरे रकाने दिसले की मी अर्ज तोंडावर परत करायचो. आज 'कामगार संख्या' ह्या रकान्यात स्वतःच अडलो. कामगार न्हाईतच. निरंक लिहायला पाहिजे होतं. पण मिथुनच्या नावाचा उद्योग आणि कामगार निरंक? पेन चालेना. पाच लिहिले. मशीन एक आहे, सहा लिहिली. वीज पाच अश्वशक्ती. शेजारच्या पुंजारामच्या मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीला तेवढीच आहे, म्हणजे काही फार न्हाई. मोठं मागितलं की साहेब लोक खुर्चीत सरळ बसतात, हे मी डोळ्यांनी पाह्यलंय.

उद्योगाचे नाव: मिथुन गारमेंट्स. मालक: मी. घर माझ्या नावावर, सबब मालक मी.

संध्याकाळी दीपमालाला सहाही पानं वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मंग म्हणली, मामा, ह्याच्यात मी कुठं हाय? मी म्हणलं, तू तर त्या पाचांच्या वर! ती उठून भाकरी टाकायला गेली. आनंद झाला की पोरगी बोलत न्हाई, पहिल्यापासून तशीच.

१० फेब्रुवारी.

अर्ज दाखल. खिडकीतल्या माणसाला म्हणलं, शिक्का जरा दाबून मारा. त्यानं वर पाह्यलं आणि दुसरा मारला. तोबी पुसट.

१८ फेब्रुवारी.

पाटी रंगवून आणली. मिथुन गारमेंट्स, खाली प्रो. प्रा. साहेबराव, कोपऱ्यात कात्री. परवाना आल्याशिवाय लावणार न्हाई, तोवर पलंगाखाली. आकांक्षानं वाचली. सात वर्षांची पोरगी, पण वाचते फाडफाड. म्हणली, आजोबा, पप्पांना शिवता येत होतं का? मी म्हणलं, न्हाई. मंग पप्पांचं नाव का? तिला म्हणलं, अभ्यास कर.

२५ फेब्रुवारी.

पंधरा दिवस झाले. काही न्हाई. फाईल वरच्या टेबलावर गेली असणार, मोठ्या फाईलीला वेळ लागतोच. शेजारच्या पुंजारामला ओट्यावर बसून सगळी योजना सांगितली. सहा मशीन, पाच बाया, मागं शेड, पुढं जालन्याला माल. तो म्हणला, साहेबराव, तुम्ही तर कारखानाच काढून राह्यले की! बरं वाटलं.

३ मार्च. 

महत्त्वाचा निर्णय. अर्ज प्रलंबित असताना काम चालू दिसलं तर अर्ज बाद होऊ शकतो. असं कुठं लिहिलेलं सापडलं न्हाई, पण माझा अनुभव सांगतो. सबब परवाना मिळेपर्यंत शिवणकाम बंद. जेवताना जाहीर केलं.

दीपमाला म्हणली, मामा, जयंतीचे ब्लाऊज आलेत. पस्तीस बायांनी पांढऱ्या साड्यांवरचं कापड आणून टाकलंय, चौदा एप्रिलला घालायचंय. मी म्हणलं, दहाच दिवसांचा प्रश्न आहे. ती म्हणली, बायांना काय सांगू? मी म्हणलं, सांग, आमचं कायदेशीर होऊन राह्यलंय.

गोजरबाई मधे पडली. म्हणली, आवो, तिचा जीव रमतो त्याच्यात, शिवू द्या ना तिला. बायकांना कायद्यातलं कळत न्हाई.

दीपमालानं मशीनवर चादर टाकली. ऐकते माझं. दुसऱ्यांच्या घरांत सासऱ्याचा शब्द कोण मानतं आता?

१२ मार्च.

दहा दिवस झाले. नवीन मुदत: गुढीपाडवा.

१४ मार्च. 

सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलो. कोणती बाई आली की मी स्वतःच नियम समजावून सांगतो, दीपमालाला त्रास नको. नंदाबाई आली, ती महिला मंडळाची पुढारी. निवासी क्षेत्र म्हणजे काय, वाणिज्य वापर म्हणजे काय, सगळं सांगितलं. तिनं उभ्यानंच ऐकलं. मंग म्हणली, दादा, कापड तेवढं द्या. सगळ्या पस्तीस बायांचं कापड गोळा करून पिशव्या भरून घेऊन गेली. फार समजूतदार बाई. परवाना आला की आणून देईल.

दीपमाला आतल्या दारात उभी होती. पिशव्या बाहेर गेल्या तेव्हा तिनं एकीला हात लावला, नुसताच.

२१ मार्च. दुपारी १२.

स्थळपाहणी! शीतल मॅडम आणि एक इंजिनीअर. फाईल हलली!

मॅडमनं चादर उचलून पाह्यली. म्हणली, काका, हे एकच मशीन आहे. मी म्हणलं, बाकीची प्रस्तावित. पाच कामगार? प्रस्तावित. मोटार? तीबी प्रस्तावित. इंजिनीअर लिहून घेत होता. तेवढ्यात पुंजाराम न बोलावता आला आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. मागं शेड पडणार, टेंपो येणार, जालन्याला माल जाणार. इंजिनीअरनं विचारलं, टेंपो ह्या गल्लीतून? पुंजाराम म्हणला, दिवसातून दोनदा! मदतीला धावणारा शेजारी मिळायला नशीब लागतं.

निघताना मॅडमनं दीपमालाला विचारलं, ताई, तुम्हाला हे सगळं पाहिजे का? मी म्हणलं, पाहिजे म्हणजे काय, तिच्यासाठीच तर चाललंय. मॅडम म्हणली, काका, मी ताईंना विचारलं. दीपमालानं माझ्याकडं पाह्यलं. म्हणली, मला जयंतीच्या आधी शिवायचं होतं फक्त. मॅडमनं फाईल मिटली आणि गेली. पोरगी घाबरली असणार साहेब लोकांसमोर. समजू शकतो.

२ एप्रिल.

पत्र आलं. "सदर जागा निवासी क्षेत्रात असून प्रस्तावित उद्योगाचे स्वरूप, कामगार संख्या व विद्युत भार विचारात घेता परवानगी देता येत नाही. उद्योग सुरू करू नये, सुरू असल्यास त्वरित बंद करावा."

नकार हा प्रक्रियेचा भाग असतो. पहिला अर्ज सगळ्यांचाच फेटाळतात. पत्राची भाषा मात्र उत्तम आहे.

गोजरबाईला वाचून दाखवलं न्हाई. म्हणलं, विचाराधीन आहे.

१४ एप्रिल. संध्याकाळ.

मिरवणूक. पांढऱ्या साड्यांच्या बाया ओळीनं चालल्या होत्या. पस्तीसच्या पस्तीस ब्लाऊज मोंढ्याजवळच्या मीनानं शिवले म्हणे. दोघी-तिघींच्या बाह्या घट्ट झालेल्या, मला सुद्धा कळत होतं. दीपमाला मागच्या वर्षीच्या ब्लाऊजमध्ये, सगळ्यात शेवटी. नंदाबाईनं तिला ओढून पुढं घेतलं, झेंडा हातात दिला.

मिथुन दरवर्षी लेझमीच्या पथकात पहिला असायचा. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, आणि मला गर्दीत शोधून तिकडून हात करायचा. म्हातारा झालो तरी मी टाचा वर करून पाहायचो, पोरगं कुठं आहे. आज टाचा वर केल्या. सवयच ती. मंग आठवलं.

डोकं दुखतं सांगून घरी आलो. नियम क्रमांक एक मोडला आज. मोडला तर मोडला. माझं पोरगं गेलं. कुणाला सांगू?

१६ एप्रिल.

पुन्हा कामाला लागलो. दुरुस्ती अर्ज. शीतल मॅडम म्हणली, काका, कामगारांच्या रकान्यात शून्य लिहा आणि अर्जदार म्हणून ताईंचं नाव लिहा. खरं तर अर्जच लागत नाही, पण तुमचं समाधान होणार असेल तर तसा खुलासा देता येतो का, साहेबांना विचारते. मी पाचाचे दोन केले. एकदम शून्यावर येणं बराबर दिसत न्हाई. नाव आपलंच ठेवलं, पत्रव्यवहारात मधेच नाव बदललं की घोळ होतो.

२ मे. 

आज वाईट वाटण्यासारखं घडलं, पण कर्तव्य केलं. बँकेतून लवकर परत आलो तर मशीनचा आवाज. दीपमाला चादर बाजूला सारून शिवत बसलेली. आकांक्षाचा फ्रॉक होता, गिऱ्हाईकाचा न्हाई. तरी पाहणारा थोडंच विचारतो, फ्रॉक कुणाचा? मी मशीनचा पट्टा काढून घेतला आणि माझ्या कपाटात ठेवला. रीतसर पावती लिहून दिली: मशीनचा पट्टा नग एक, सुस्थितीत, निर्णय होईपर्यंत ताब्यात.

तिनं पावती वाचली, घडी घातली, पदराला बांधली. फ्रॉकची एक बाही राह्यली होती. ती हातशिलाईनं लावली.

गोजरबाईनं आज चहाला हाक मारली न्हाई. जेवायला वाढलं तेवढं.

१२ मे, बुद्धपौर्णिमा.

राजानंद आल्ता. खीर झाली. मंग दीपमाला आपणहून माझ्यासमोर येऊन बसली. असं ती कधी बसत न्हाई. म्हणली, मामा, शाळा सुरू व्हायच्या आधी मी बदनापूरला जाते. आकांक्षाचं नाव तिथंच टाकते. मी म्हणलं, जा की, माहेरी चार दिवस जायलाच पाहिजे. ती म्हणली, चार दिवस न्हाई, मामा.

मी तिला प्रक्रिया समजावली. दुरुस्ती अर्ज दाखल आहे, निर्णय कधीबी येईल, अशा वेळी अर्जाच्या पत्त्यावर कुणी नसणं धोक्याचं. ती म्हणली, तुम्ही आणि आत्याबाई हायत ना पत्त्यावर. राजानंद खाली मान घालून बसलेला. चांगला मुलगा आहे, मला त्याचा राग न्हाई. आहे थोडा.

म्हणली, मामा, तुम्ही माझं वाईट केलं असं मी कुणाला सांगणार न्हाई. पण मला रोज सकाळी उठून काहीतरी करायला पाहिजे. ते न्हाई केलं तर मला ते आठवत राहतात, दिवसभर. ते म्हणजे मिथुन.

मी म्हणलं, मलाबी.

१३ मे.

गोजरबाई चुलीपुढं बसून रडली आणि मंग एकदम बोलली. म्हणली, पोराला गाडीनं नेलं, आता सुनेला तुमचा कागद नेऊन राह्यला. आवो, एवढी वर्षं दुसऱ्यांचे कागद अडवले, आता घरचं माणूस अडवायला निघाले. मी म्हणलं, मी कुणाला अडवलं न्हाई, मी फक्त परत करायचो. ती म्हणली, ह्याच्यात फरक काय?

फरक आहे. उद्या शांतपणे सांगीन.

२६ मे.

उन्हाळा फार. फरक सांगायचा राह्यला.

८ जून, रविवार. सकाळी ११.

टेंपो आल्ता. पुंजाराम म्हणला, अरे वा, मशीन आल्या वाटतं! म्हणलं, न्हाई, चाललीय.

पट्टा कपाटातून काढून तिच्या हातात द्यायला गेलो. राजानंद म्हणला, राहू द्या मामा, नवा आणलाय. तरी दीपमालानं घेतला. पदराची गाठ सोडून पावती परत दिली. नियम तिला पाठ झालेत माझे.

आकांक्षा टेंपोत पुढं बसली. खिडकीतून म्हणली, आजोबा, मी आल्यावर पाटी लावू आपण. मी हो म्हणलं. गोजरबाईनं दोघींच्या तोंडावरून हात फिरवला आणि आत निघून गेली, टेंपो सुटायची वाट पाह्यली न्हाई.

माझं मत: पंधरा दिवस, फार तर महिना. तिथं व्हरांड्यात धूळ उडते, मला माहीत आहे. आणि तिकडच्या पत्त्याचा परवाना तिच्याजवळ न्हाई.

१९ जून.

तिसरा अर्ज. अर्जदार: श्रीमती दीपमाला मिथुन. काम: स्वतः करणार. कामगार: शून्य. मशीन: एक. लिहिलं एकदाचं. वाटलं होतं तेवढं अवघड न्हाई. आधी लिहिलं असतं तर, असा विचार आला. तो सोडून दिला, कारण आता निकाल शंभर टक्के आपल्या बाजूनं लागणार.

शीतल मॅडमनं विचारलं, काका, ताई कशा आहेत? म्हणलं, माहेरी गेलीय, येईल. तिनं पाणी आणून दिलं स्वतः.

२५ जून.

गोजरबाई रोज चार माणसांची भाकरी टाकते. दोघांची उरते. सकाळी पुंजारामच्या म्हशीला.

७ जुलै, सोमवार. 

आलं! आलं! आलं!

"उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर निवासस्थानी कुटुंबातील व्यक्तीने स्वतः, पगारी कामगार न ठेवता करावयाचे शिवणकाम निवासी वापरात अनुज्ञेय असून त्यास या कार्यालयाच्या स्वतंत्र परवानगीची आवश्यकता नाही."

जावक क्रमांक आहे, सही आहे, आणि शिक्का ह्या वेळी एकदम ठळक. पाच महिने लढलो आणि जिंकलो. आता दुनियेत कुणीबी विचारू दे, हा पहा कागद! ह्या घरात दीपमाला शिवू शकते, सरकारच सांगून राह्यलं.

गोजरबाईनं विचारलं, म्हणजे काय म्हणतात ते? मी म्हणलं, शिवायला परवानगी लागत न्हाई असं म्हणतात. ती म्हणली, हे तर त्या पोरीनं तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितल्तं. मी म्हणलं, तेव्हा तोंडी होतं.

परवा स्वतः बदनापूरला जातो. पत्र हातात देतो आणि दोघींना घेऊन येतो. फोन करत न्हाई, एकदम जाऊन आनंद द्यायचा.

९ जुलै, बुधवार. जालन्याच्या बसमध्ये, दुपारी ४.

बस हलून राह्यलीय, अक्षर वाईट येईल.

व्हरांडा खरंच मोठा आहे. धूळ न्हाई. पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहून खांबाला बांधलंय: दीपमाला, ब्लाऊज, फॉल, पिको. चार बाया बसलेल्या, एक तर हसनाबादहून लेकीच्या साखरपुड्याचं घेऊन आलेली. कुठला कागद न्हाई, कुणाचा शिक्का न्हाई.

मी फाटकाशी आलो तेव्हा ती हसून राह्यली होती. त्या हसनाबादच्या बाईनं काहीतरी थट्टा केली असावी, आणि दीपमाला मान मागं टाकून, मोठ्यानं हसली. मिथुन गेल्यापासून मी तिला असं हसताना पाह्यलं न्हाई. आमच्या घरात ती अशी हसायची का? पहिल्या वर्षी हसायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं त्या समोरच्या खोलीत हसायचे आणि मी बाहेरून खाकरायचो.

मला पाह्यल्यावर पटकन उठली. डोक्यावर पदर घेतला. मामा, अचानक? पाणी दिलं, चहा दिला, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी दिली. गिऱ्हाईकांना म्हणली, हे माझे मामा, मोठ्या ऑफिसात होते. बायांनी नीट बसून घेतलं. आकांक्षा शाळेतून आली आणि गळ्यात पडली, मंग लगेच मैत्रिणीकडं पळाली. मैत्रीण झालीय तिला.

पत्र खिशात होतं. दोन तास बसलो. दोन-तीनदा हात खिशापर्यंत गेला. समोर ती कापड मापत होती, टेप गळ्यात, खडू कानावर. मी पत्र काढलं असतं तर तिनं काम थांबवून वाचलं असतं. तिला पुन्हा थांबवायची माझी हिंमत झाली न्हाई.

राजानंदनं विचारलं, मामा, काही काम होतं का? म्हणलं, न्हाई, सहजच. इकडं कृषी संशोधन केंद्रात तुरीचं बियाणं पाहायला आल्तो. माझ्याकडं वीतभर शेत न्हाई, हे त्याला माहीत आहे. तो हो म्हणला.

निघताना दीपमाला फाटकापर्यंत आली. वाटलं, आता म्हणते, मामा, मी येते थोड्या दिवसांनी. ती म्हणली, मामा, आता तुम्हीच येत जा. आत्याबाईंनाबी आणा. फक्त येताना फोन करून या, गिऱ्हाईकं असतात.

बराबर आहे. पाहुण्यानं फोन करूनच यायला पाहिजे.

इथं कुणी वाचणारं न्हाई म्हणून लिहितो. तिला भावानं नेलं न्हाई. व्हरांड्यानं न्हाई, स्टेशननं न्हाई. ती राहणार होती. मशीनवरची चादर तिनं आपल्या हातानं काढली होती, आमच्या घरात, आमच्यासोबत राहायचं म्हणून. मीच ती परत टाकायला लावली. पोरीला मी घालवलं. मला तिला ठेवायचं होतं आणि मीच घालवलं.

त्याच दिवशी. घरी, संध्याकाळी ७.

गोजरबाई दारातच उभी होती. पिशवी हातातून घेतली, चेहरा पाह्यला. विचारलं, काय म्हणली? कवा येते म्हणली?

म्हणलं, दसऱ्याला येते म्हणली.

दोघी? दोघी. कायमच्या? म्हणलं, तसंच काहीतरी म्हणली.

ती तशीच आत गेली आणि मिथुनच्या खोलीतल्या गाद्या ओढायला लागली, म्हणली, वास धरलाय, ऊन दाखवते. म्हणलं, आता अंधार पडून राह्यलाय, उद्या टाक.